तांदळात गेलेलं नाव

मी नुकतीच कॉलेजात शिकवायला लागले होते, त्या सुमाराची गोष्ट. मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर एक जपानी जोडपं वर्षभर भाड्यानं राहायला आलं. तो इंजिनिअर, कुठल्याशा फौंड्रीत नवी मशिनं बसवायला आलेला, दिवसभर बाहेर. ती खाली येऊन माझ्याकडून मराठी शिकायची आणि उरलेला वेळ आईच्या मागं मागं स्वयंपाकघरात फिरायची.

एकदा लसूण सोलता सोलता आईनं तिला विचारलं, “तुझ्या नावाचा अर्थ काय गं?”

“ऐकून नाही कळत, काकू. लिहिलं की कळतं.”

त्यांच्याकडे एकच नाव वेगवेगळ्या अक्षरांत लिहिता येतं आणि अर्थ त्या अक्षरात असतो. तिच्या नावात एका फुलाचं अक्षर होतं. बाहेर बर्फ असतानाच फुलणारं फूल. ती ऐन थंडीत जन्मली, फार अशक्त होती. पोरगी तगावी म्हणून वडिलांनी ते निवडलं.

आईनं तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

“आणि तुमचं?”

मी सांगणार, तेवढ्यात आईच म्हणाली, “माझं? शेवंतीवरनं ठेवलतं की आज्ज्यानं. लग्नात बदललं.”

माहेरी सगळे तिला ‘ताई’ म्हणत. तिचं आधी दुसरं नाव असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आमची भाडेकरीण मात्र हरखली. तिच्या आजीचंही नाव शेवंतीचंच होतं. पिवळी शेवंती म्हणजे दीर्घायुष्य, पांढरी मात्र तिकडं मयताला वाहतात, असं तिनं सांगितलं आणि कागदावर अक्षर काढून दाखवलं. “वर गवत. खाली मुठीत धरल्यासारखे तांदूळ.”

“तांदूळ?” आई हसली. “तांदळातच तर गेलतं माझं नाव.”

लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवीन नाव लिहितो, हे मी तिला समजावून सांगितलं. तिनं विचारलं, “मग जुनं कुठे जातं?”

“जातंय कुठं? ऱ्हातंय की आत,” आई म्हणाली.

पुढचे काही दिवस आई ते अक्षर पाटीवर गिरवत होती. मग एका सकाळी दारात रोजच्या ठिपक्यांऐवजी तेच उमटलं, आत हळद भरलेली. बाबा दूध आणायला निघाले आणि उंबऱ्यातच थांबले.

“हे काय काढलंयस?”

“माझं नाव.”

“कुठलं?”

आईनं सांगितलं. बाबा खाली वाकून अक्षर बघायला लागले. “आत्यानं जे सांगितलं ते मी लिवलं,” ते म्हणाले. “तुला इचारायचं सुचलं न्हाय बघ.”

“तवा कोण इचारत होतं?”

बाबा रांगोळीला वळसा घालून गेले. समोरून पेपरवाला सायकल ढकलत आला, तर त्याच्यावर ओरडले, “ओ पावणं, बाजूनं! नाव हाय ते!”

त्या दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी माजघरातून आईला त्या नावानं हाक मारली. घसा खाकरून, जरा चाचरतच. एरवी ते ‘अगं, ऐकलं का’च्या पुढं कधी गेले नव्हते.

“ओ!” आतून आई म्हणाली. इतक्या चटकन, की स्वतःच दचकली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.