झोपेतला खर्च मोजणाऱ्या मॅडम

नाण्याएवढ्या बॅटरीची खरी किंमत काय? दुकानात नव्वद रुपये. पण ती हरसूलकडच्या उतारावर खांबाला लावलेल्या पेटीत असेल, तर माझ्या माणसाचा अख्खा दिवस, मोटरसायकलचं पेट्रोल आणि ज्याच्या शेतात पेटी आहे त्याचा कामाचा मोडलेला तास हेही त्यात धरावं लागतं. शिवाय एकदा उघडलेलं झाकण पुन्हा पूर्वीसारखं बसत नाही. पुढच्या पावसाळ्यात आत ओल शिरते आणि सगळी पेटीच जाते. हा हिशेब माझा नाही. प्रा. शैलजा गायधनी यांनी पहिल्याच भेटीत माझ्याच व्हिजिटिंग कार्डाच्या मागे तो मांडून दाखवला होता. मी त्यांच्याकडे गेलो होतो ते जास्त टिकणारी बॅटरी कुठं मिळेल एवढंच विचारायला.

मॅडमना साठावं वर्ष पूर्ण होत आहे. या गौरवग्रंथात त्यांच्या संशोधनाबद्दल त्यांचे सहकारी माझ्यापेक्षा अधिकारानं लिहितील. मी पंचवटीत पंखे आणि मोटारी रिवाइंड करत वाढलेला माणूस. मोटारीचं बेअरिंग गेलंय की वाइंडिंग, हे मी आवाजावरून सांगतो. त्या भरवशावर सातपूरला कारखाना काढला आणि शेतातला पाऊस, ओल, ऊन नोंदवणाऱ्या पेट्या बनवायला लागलो. पण मॅडमचा विषय असा की तिथं ऐकू काहीच येत नाही.

तो विषय त्यांनी मला समजावला तो ठिबकच्या भाषेत. व्हॉल्व्ह बंद केला तरी जोडातून पाणी झिरपत राहतं, तसं चिपमधला ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून थोडा करंट गळतो. एकाचा कुणी हिशेब धरणार नाही, पण चिपमध्ये ते लाखांनी असतात. आमची पेटी पंधरा मिनिटांतून क्षणभर जागी होते, नोंद करते आणि पुन्हा झोपते. म्हणजे बॅटरी संपते ती कामानं नव्हे, झोपेतल्या गळतीनं. ही गळती कमी करण्यात मॅडमनी आयुष्य घातलं.

हरसूलला पहिली पेटी लावताना त्या स्वतः आल्या होत्या. ज्यांच्या शेतात पेटी लावायची ते काशिनाथभाऊ ती कशी चालते हे आमच्याकडून ऐकत होते. मग म्हणाले, "ताई, मंग हे आमच्या गड्यासारखंच हाय. काम घटकाभर, बाकी दिवस झोप."

मॅडमनी विचारलं, "तुमचा गडी झोपेत जेवतो का?"

"नाय."

"हे जेवतं. तेच मला बंद करायचंय."

भाऊ लय हसले. मला मात्र त्या दिवशी मॅडमचा सगळा विषय कळला.

त्यांचे वडील पंचवटीतले तीर्थोपाध्याय. घरात यजमानांच्या वह्या. कोण कुठल्या गावचा, कधी येऊन गेला, मागं कोण राहिलं, सगळं नोंदलेलं. मॅडमची काम करायची पद्धत त्या वह्यांतूनच आली असावी. चिपच्या प्रत्येक भागासमोर त्या दोन रकाने आखतात, जागेपणी काय करतो आणि झोपेत काय खातो. विद्यार्थी पहिला रकाना उत्साहानं भरतात. मॅडम वाचायला सुरुवात करतात दुसऱ्यापासून.

त्यांच्या माणुसकीची एक गोष्ट इथं सांगतो, ती त्यांना आवडणार नाही. माझं इंग्रजी बेताचं. पेट्यांसाठी आम्ही मिळून घेतलेल्या प्रकल्पाच्या बैठकीत चर्चा इंग्रजीत रंगली की मी मान डोलावत बसायचो. दुसऱ्याच बैठकीला मॅडम म्हणाल्या, दिवसभर शिकवून माझा घसा बसलाय, इंग्रजीत तो जास्त दुखतो, आज मराठीत बोलू या. पुढं दोन वर्षं तो घसा बसलेलाच होता. इतरांना ते खरं वाटलं असेल. पण बैठकीआधी जिन्यात त्या खणखणीत आवाजात कुणाला तरी रागावत असत, ते मी ऐकलेलं होतं.

आता जे लिहायला मी ही जागा मागून घेतली, ते लिहितो.

आमच्या पेटीसाठी स्वतंत्र चिप करायचं ठरलं. सरकारी योजनेतून हप्त्यानं पैसे मिळणार होते. डिझाइन परदेशी जायचं, तिथं अनेकांची डिझाइन्स एकाच सिलिकॉनच्या तबकडीवर छापली जायची. ती तारीख चुकली की सहा महिने थांबायचं. तारखेच्या तोंडावर मॅडमनी तपासणीला आठ दिवस जास्त मागितले. ते दिले असते तर तारीख हुकली असती. छाटणीआधी पेट्या देतो, असा मी द्राक्षवाल्यांना शब्द देऊन बसलो होतो. मॅडमच्या खोलीत जाऊन म्हणालो, "मॅडम, छाटणी कुणासाठी थांबत नाही." एकदा नाही, तीन दिवस रोज जाऊन म्हणालो. गोड बोलून माणसाला वळवायची कला मला धंद्यानं शिकवली आहे, आणि ती मी त्यांच्यावर वापरली. चौथ्या दिवशी त्यांनी डिझाइन पाठवायला सही केली.

चिप आली. सगळी कामं बरोबर करत होती. झोपवली, आणि झोपेतला करंट अपेक्षेच्या तीसपट निघाला.

झालं होतं ते असं. चिपचा मोठा भाग झोपताना त्याचा वीजपुरवठाच तोडायचा आणि छोटं घड्याळ तेवढं जागं ठेवायचं, अशी रचना होती. झोपलेल्या भागातून जाग्या भागात अकरा तारा जात होत्या. वीज तोडली की या तारा लोंबकळतात, ना धड चालू ना धड बंद, आणि पलीकडच्या जाग्या भागाचं दार अर्धवट उघडं राहून तिथून करंट वाहतो. म्हणून प्रत्येक तारेवर तिला एका बाजूला धरून ठेवणारं छोटं फाटक लागतं. दहा तारांवर ते होतं, अकराव्यावर राहिलं. वाचवायला केलेल्या सोयीनंच जास्त खाल्लं होतं. मी खाऊन टाकलेल्या आठ दिवसांत हे सापडलं असतं.

योजनेच्या समितीपुढं जाब द्यायची वेळ आली. पुढचा हप्ता थांबला असता तर प्रकल्पही गेला असता आणि माझा कारखानाही. अध्यक्षांनी विचारलं, तपासणी अपुरी का राहिली? मी मॅडमच्या शेजारच्या खुर्चीत होतो. हातात चहाचा कप होता. मॅडम म्हणाल्या, "सही माझी आहे. चूक माझी." मी कपाकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचवटीत त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, मी समितीला पत्र लिहून खरं काय ते कळवतो. मॅडम भाजी निवडत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "अहो सोनवणे, चूक मास्तरांची म्हटली की लोक विचारतात, दुरुस्त कधी करणार. गिऱ्हाइकाची म्हटली की फाइल बंद करतात. बसा, चहा घ्या." मग भाजीची परात बाजूला सारून म्हणाल्या, "आणि मी काही लहान नाही. तुम्ही बोललात म्हणून सही केली नाही. मलाही ती चिप बघायची घाई झाली होती."

हप्ता मिळाला. पुढच्या सहा महिन्यांत त्या नुसती अकरावी तार दुरुस्त करून थांबल्या नाहीत. उन्हात पेटीचा पत्रा तापला की गळती कितीतरी वाढते, हे एसीतल्या प्रयोगशाळेत कळत नाही, म्हणून पोल्ट्रीवाल्याकडून अंडी उबवायची जुनी पेटी आणून तिच्यात चिप तापवल्या. जिथं वेगाची गरज नाही तिथले ट्रान्झिस्टर बदलून सावकाश चालणारे पण कमी गळणारे घातले. "घाई नसेल तिथं आळशी माणूस ठेवावा, तो कमी खातो," असं त्या विद्यार्थ्यांना सांगत होत्या. मी दारात होतो. घाईबद्दलचं ते वाक्य मी मुकाट्यानं माझ्यासाठीही घेतलं.

दुसरी चिप तंतोतंत उतरली. तिच्यावर आज माझा धंदा उभा आहे. समितीच्या कागदांत पहिल्या चिपसमोर अजून मॅडमचंच नाव आहे. ते मला खोडता येत नाही, म्हणून ही हकीकत छापील अक्षरांत इथं ठेवतो. मॅडमनी मजकूर आधी मागितला होता. मी दाखवला नाही.

प्रदर्शनात मी छाती फुगवून सांगतो की नाशिक जिल्ह्यात या चिपच्या आमच्या एकाही पेटीची बॅटरी पाच वर्षांच्या आत बदलावी लागलेली नाही. काशिनाथभाऊंकडे बसवलेल्या नव्या पेटीत तर सहाव्या वर्षातही पहिलीच चालू आहे. मॅडमना शंभरी गाठण्याइतकं आयुष्य मिळो, गुडघे आणि डोळे शेवटपर्यंत साथ देवोत, आणि निवृत्तीनंतर तरी दुपारची निवांत झोप लाभो, ही आम्हां सर्वांची मनापासूनची इच्छा.

त्यांच्या गच्चीवरच्या पेटीची बॅटरी मात्र मी आतापर्यंत तीनदा बदलली आहे. ती किती शांत झोपते हे मोजायला मॅडम तिला दिवसातून चार वेळा उठवून तासभर जागी ठेवतात.