मुरारी दाजींची पोथी

महाडची माणसं पोलादपूरला माझ्या चहाच्या हॉटेलात आली की हमखास विचारतात, "काय रे रामा, तुझे दाजी असे मुके का झाले? केवढा हसवणारा माणूस!" मी त्यांच्यापुढं कपबशी आदळतो आणि चुलीकडे वळतो. सांगून कळणार आहे का त्यांना? पण आज सांगतो. एकदाच सांगतो, पुन्हा विचारू नका.

मुरारी दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, राहीआक्काचे यजमान. महाड बंदरावर तांदळाच्या वखारीत कारकून. पोती मोजायची हे काम पोटापुरतं, खरं काम लोकांना हसवायचं. काही बोलायच्या आधी डाव्या कानाची पाळी ओढायचे. पाळीला हात गेला रे गेला की हमाल डोक्यावरचं पोतं खाली ठेवून उभे राहायचे, कारण ओझ्याखाली हसलं तर मान मोडायची भीती. शेटजींची चाल, गलबतावरच्या तांडेलाची शिवी, कचेरीतल्या पट्टेवाल्याचा रुबाब, सगळं हुबेहूब! मी स्वतः हसता हसता धक्क्यावरून सावित्रीच्या पाण्यात पडलोय. खोटं नाही सांगत.

एवढ्यावर राहिले असते तर काय बिघडलं असतं? पण नाही! चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्या साली यांच्या डोक्यात शिरलं, की तोंडचं हसू वाऱ्यावर जातं आणि छापलेलं राहतं. मग रोज वखारीतून आले की ओटीवर बसून लिहायचे. लिहिताना स्वतःच खुदखुदायचे. मग चुलीपाशी जाऊन आक्काला वाचून दाखवायचे आणि तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. ती बिचारी दिवसभर राबलेली, भाकरी थापता थापता म्हणायची, "चांगलं हाय." झालं! तेवढ्यावरून दाजी अख्खं पान खोडायचे. विनोद ऐकून कुणी चांगलं हाय म्हणालं तर लिहिणाऱ्यानं जीव द्यावा, असं म्हणायचे.

अशी कितीतरी वर्षं घालवून पुस्तक झालं. नाव, 'अधिकमासातला जावई'. एक खादाड जावई धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला जातो, वाण म्हणून दिलेले तेहतीस अनारसे एका बैठकीत संपवतो आणि निघताना दाराच्या चौकटीतच अडकतो. सासरा पुढून ओढतोय, सासू मागून ढकलतेय, आणि जावई मधल्या मध्ये विचारतोय, "अनारसे अजून आहेत का हो?" मुंबईच्या प्रकाशकांनी ते साभार परत धाडलं. मग दाजींनी पुण्याच्या एका छापखान्यात पदरमोड करून छापून घेतलं. त्यापायी आक्काच्या अंगावरचं काय काय गेलं ते विचारू नका, माझं डोकं फिरतं.

आणि महाडात काय झालं? वाचनालयातल्या शहाण्यांनी उभ्या उभ्या चाळलं आणि म्हणाले, "ग्राम्य आहे हो. शिवाय शुद्धलेखन..." बंदरावरच्या हमालांना वाचता येत नव्हतं म्हणून दाजी त्यांना वाचून दाखवायला बसले. तर काय, पुस्तक उघडताच ते सगळे मांडी घालून, मान खाली घालून गंभीर! शेवटी एकजण भीत भीत म्हणाला, "मुरारीशेट, ते ठेवा की बाजूला. तोंडानं सांगा." दाजी त्या दिवशी जेवले नाहीत.

चौतीस सालच्या उन्हाळ्यात अधिक मास आला. दाजी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे हजर. "रामा, हाच मोका. वरच्या वाड्यांत घरोघर जावई आलेले असणार. हसतील बघ!" खपतील म्हणाले नाहीत, हसतील म्हणाले. मी हॉटेल बंद केलं आणि गठ्ठा डोक्यावर घेऊन डोंगर चढलो. काय करणार, बहिणीचा नवरा.

वाडीत पहिलंच घर बयाबाईचं. विधवा बाई, नाचणीच्या तुकड्यावर जगणारी. तिचा मुलगा सदू मुंबईला गिरणीत होता, तो खोकला आणि ताप घेऊन परतला होता आणि पडवीत अंथरुणाला खिळला होता. त्याची बायको शकू, जेमतेम वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली पोर.

बयाबाईनं पुस्तकाकडे बघून विचारलं, "कंची पोथी हाय?"

दाजी म्हणाले, "अधिकमासातला..."

बस्स. पुढचा जावई कुणाच्या कानांत शिरलाच नाही. अधिक मासात अधिक मासाची पोथी घरात चालून आली! बाईनं सगळ्या वाडीला हाक मारली. पाट आला, समई आली, पुस्तकाला हळदकुंकू लागलं. सदूला उठवून भिंतीला टेकून बसवलं. मी दाजींच्या कानाशी लागलो, "दाजी, सांगून टाका हो!" तर म्हणतात, "वाचू दे. चौकटीपाशी आलं की आपोआप हसतील."

चौकट आली. एकजण हसेल तर शपथ! वाडीचे म्हातारे कुशाबा डोळे पुसत म्हणाले, "देव कसा अडकवतो बघा मानसाला." मला रडावं की हसावं कळेना. दाजींचा आवाज खोल खोल जात होता.

आणि तेवढ्यात आतल्या दाराआडून खळ्ळकन हसू फुटलं. शकू! पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. दाजींनी मान वर केली. त्यांचं तोंड असं उजळलं की काय सांगू! त्या एका हसण्यासाठी तर माणसानं घरातलं किडूकमिडूक फुंकलं होतं.

बयाबाई कडाडली, "मेले, पोथीला हसतेस? घो अंथरुणावर पडलाय आन् दात काढतेस?"

सगळे दाजींकडे बघायला लागले. सदूही बघत होता, काठीसारखे झालेले हात जोडून, जणू आता हाच माणूस आपल्याला बरं करणार. दाजींचा हात कानाच्या पाळीकडे निघाला आणि अर्ध्यातच खाली आला.

"गप ऱ्हा गो पोरी," ते म्हणाले. "पोथी चालू हाय."

डोंगर उतरताना मी चिडून म्हटलं, "खरं का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "त्या पोराची आशा बघितलीस ना? त्याला काय सांगू, ही चेष्टा हाय म्हणून?"

पाऊस लागायच्या आत सदू गेला. वाडीत एकच बोलणं, शकू पोथीला हसली म्हणून घो गेला. दिवसकार्य उरकलं की तिला माहेरी सोडायचं ठरलं. माहेर कसलं डोंबलाचं! आईबाप नाहीत, आणि चुलता दारात उभं करणार नाही हे सगळ्यांना ठाऊक. हे कानावर येताच दाजी वखार टाकून धावत आले आणि तसेच वर निघाले. मी मागे.

अंगणात वाडी जमलेली. दाजी ओरडले, "अरे, ही पोथी नाय! मीच लिवलीय, या हातानं! हसायसाठी लिवलीय!"

कुशाबा उठले. चांगला माणूस हो, त्यांना दोष नाही देत मी. हळूच म्हणाले, "मुरारीबाबा, तुमचं मन मोठं हाय. पोरीला वाचवाया बोलताय. पन हसायचंच व्हतं, तर त्या दिशी तुमीच तिला का दटावलंत?"

ही पोथी नाही हे पटावं म्हणून दाजींनी पुस्तक जमिनीवर टाकलं. लगेच कुणीतरी ते उचलून पाटावर ठेवलं. एक तरी माणूस हसला तर पोर सुटेल, म्हणून मग दाजी तोंडानंच सुरू झाले, बंदरावर करायचे तसे. बयाबाईच्या चौकटीत जाऊन अडकले, सासरा झाले, सासू झाले, अनारसे मागितले. घामाची धार लागली होती. इतकं सुरेख त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं, आणि मला हुंदका आवरेना. वाडीनं हात जोडले.

दाजी चौकटीतूनच शकूकडे वळले. कोपऱ्यात बसली होती, कपाळ मोकळं. "हस गो बाय," ते म्हणाले. "एकदा हस. तुला कळलं व्हतं गो!"

पोरीनं त्यांच्याकडे बघितलं. मग आपल्याच दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या, पुस्तकापुढं डोकं टेकलं आणि म्हणाली, "चुकलं माझं."