बाबांना हवी होती पोच

आमचे बाबा सरकारी कचेरीत तीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेल्या अर्जावर शिक्का मारायचा, नोंद करायची, पोच द्यायची. शिक्क्याशिवाय कागदाला ते कागद मानत नसत, आणि कुठलाही कागद फाडू देत नसत. काचीगुड्याच्या आमच्या घरात विजेची जुनी बिलंसुद्धा गठ्ठे बांधून ठेवलेली होती.

रस्ता रुंद झाला आणि आमचा बस स्टॉप मोठ्या चौकापलीकडे गेला. आई जामबागच्या शाळेत शिकवायची. तिचे गुडघे दुखायचे आणि तो चौक ओलांडताना तिला घाम फुटायचा. दोनदा स्कूटरखाली येता येता वाचली. "बास झालं आता, नौकरी सोडते," म्हणाली आणि राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला. शाळेवर तिचा जीव होता. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्याच सुमारास आमच्या भागात महापालिकेच्या नव्या अधिकारी बाई आल्या होत्या. त्या ब्लॉग लिहीत. मला हे सगळं नुसतं मिरवायचं, फोटो काढून घेण्याचं काम वाटायचं. तरी स्टॉप परत जुन्या जागी आणा, असा बाबांनी सांगितलेला अर्ज मी इंग्रजीत बाईंच्या ब्लॉगखाली लिहिला, 'सविनय सादर'पासून सगळा. दुसऱ्या दिवशी बाईंचं उत्तर आलं. त्या चौकात जाऊन आल्या होत्या. स्टॉप हलवताना चालणाऱ्यांचा विचार केला नाही, चूक आमची आहे, असं त्यांनी चक्क सगळ्यांसमोर लिहिलं होतं.

बाबा म्हणाले, "पोच कुठंय?"

मी कपाळाला हात लावला. त्यांनी मला ते पान छापायला लावलं, तीन प्रतींत, आणि मला घेऊन महापालिकेची कचेरी गाठली. तिथला क्लार्क हसत म्हणाला, "अंकल, ये तो कंप्यूटर का है. इसपे मुहर कैसा मारूं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आवाज ऐकून बाई बाहेर आल्या. हसल्या नाहीत. सही केली, शिक्का स्वतः मारला आणि म्हणाल्या, "काम नहीं हुआ तो यही कागज लेके आइए."

काम लगेच झालं नाही. पण दर शुक्रवारी ब्लॉगवर बाई लिहीत: स्टॉप अजून हलला नाही. कुणाची परवानगी अडली आहे, तेही लिहीत. मी वैतागले. "नुसतं नाही नाही लिहून काय होतं?"

"आम्ही जिंदगीभर 'कार्यवाही चालू आहे' लिहिलं," बाबा म्हणाले. "चालू काही नसायचं. मीही तेच लिहायचो. आपल्या नावानं 'झालं नाही' लिहिणारा साहेब मी पाहिला नाही." त्यांचा चेहरा पडला होता. त्या दिवशी मला बाईंबद्दल खरा आदर वाटला, आणि बाबांबद्दल जरा जास्तच.

एका शुक्रवारी बाईंनी लिहिलं, झालं. सोमवारी आई जुन्या जागेवरून बसमध्ये चढली. संध्याकाळी घरी आल्यावर तिने पर्समधला राजीनामा काढून बाबांपुढे धरला. "घ्या, तुमच्या गठ्ठ्यात ठेवा."

बाबांनी चष्मा लावून तो शांतपणे वाचला. मग त्याचे दोन तुकडे केले, मग चार.