कुंपणाबाहेरचा फळा

मोताळ्याच्या बाहेर बियाण्यांचं सरकारी शेत होतं. तिथे हवामानाच्या नोंदी ठेवण्याच्या कामावर मला घेतलं, तेव्हा महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं आणि मी मॅट्रिक होऊन घरच्या मळ्यात भेंडी तोडत होते. शेताच्या कोपऱ्यात तारेचं कुंपण, आत पाऊस मोजायचं नळकांडं, पांढऱ्या पेटीत तापमापक आणि फाटकाला कुलूप. एक किल्ली शेताच्या साहेबांकडे, एक माझ्याकडे. आकडे पाहायची मुभा आम्हा दोघांना आणि कारकुनाला. पाऊस येणार असला की वरच्या कचेरीतून तार यायची, तीही आमच्यातच राहायची. बाहेर कोणाला काही सांगायचं नाही, असं साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

पण खामगावच्या एका कापूस व्यापाऱ्याचा मुनीम बाजाराच्या दिवशी साहेबांच्या खोलीत चहाला यायचा. त्याच्यासमोर तार उघडी पडलेली असायची.

त्या वर्षी कापूस वेचणीला आला आणि अवकाळी पावसाची तार आली. दुपारपर्यंत मुनिमाने बाजारातल्या भाड्याच्या बैलगाड्या अडवून घेतल्या आणि आपला माल झाकून नेला. आमच्या गावाला गाडी मिळाली नाही. वेचलेला कापूस उघड्यावर भिजून काळा पडला. बाबांनी तो माझ्यासमोर पिळून दाखवला. ते रागावले नाहीत.

"मले नको सांगू, पोरी. नोकरी हाय तुही," ते म्हणाले. "पन त्या मुनिमाले कोनं सांगितलं?"

उत्तर त्यांना माहीत होतं. मलाही होतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना विचारलं, शेतकऱ्यांना आकडे का कळू नयेत? ते म्हणाले, लोक यंत्रांना हात लावतील, सगळं बिघडवून ठेवतील. मी म्हटलं, हात कोणीच लावू नये, माझं काही म्हणणं नाही. पण पाहणं आणि हात लावणं यात फरक आहे. त्यांनी मला कामाला लागायला सांगितलं.

मी लागले. गोदामात एक मोडकी फळी पडली होती. तिला काळा रंग दिला, कुंपणाच्या बाहेरच्या बाजूला टांगली आणि खडूने लिहिलं: काल किती पाऊस, किती ऊन, तार आली की नाही. साहेबांनी ती काढायला लावली. सकाळी मी पुन्हा टांगली. बाजाराला निघालेले लोक बैल थांबवून वाचू लागले. ज्यांना वाचता येत नव्हतं ते दुसऱ्याला विचारत.

साहेबांनी बोलावलं. कोणाच्या परवानगीने, असं विचारलं. मी म्हटलं, "शेतकऱ्यांना सांगायचं नाही आणि मुनिमाला सांगायचं, एवढं मला लिहून द्या. मी फळा काढते."

ते काही लिहून देणार नव्हते. त्यांनी हात पुढे केला आणि माझी किल्ली मागितली. मी दिली.

मग आकडे कारकून घेऊ लागला. कुंपणात जाऊन यायचा आणि रजिस्टर माझ्यापुढे ठेवायचा, कारण निरीक्षकाच्या रकान्यात सही माझी लागायची. मी त्याला शांतपणे सांगितलं की जे मी पाहिलं नाही, त्यावर माझं नाव जाणार नाही. तो बिचारा चांगला माणूस होता. म्हणाला, काऊन भांडता बाई, एक सही तर हाय. मी रजिस्टर बंद करून त्याच्या हातात दिलं. असं रोज चाललं. घरी आई म्हणायची, नोकरी जाईन. मी म्हणायचे, भेंडी कुठे गेली नाही.

रकाना कोरा जाऊ लागला तसा वरून तपासणीला अधिकारी आले. त्यांनी मला एकटीला बसवून विचारलं. मी गाड्यांपासून सहीपर्यंत सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. त्यांनी मला शाबासकी दिली नाही आणि साहेबांना माझ्यासमोर बोलही लावला नाही. जाताना हुकूम मात्र लिहून गेले: जो पाहील त्यानेच सही करायची, आणि तार आली की बाहेर लावायची. किल्ली मला परत मिळाली आणि फळ्यावर मी पुन्हा लिहू लागले.

साहेबांनी वर्षअखेरीच्या शेऱ्यात मला 'हेकट' लिहिलं. पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली खामगावला झाली, टेबलाच्या कामावर. आभाळ दिसेल अशी खिडकीही त्या खोलीला नव्हती. शेजारची बाई हळहळली, आता तरी साहेबांची माफी माग म्हणाली. मी मागितली नाही. आजही मागणार नाही.

माझ्या जागी आलेल्या मुलाने फळा चालू ठेवला की नाही, हे मी बाबांना विचारलं.

"एक दिवस नाई लिवलं त्यानं," बाबा म्हणाले. "आम्ही दहा-बारा जन तिथंच उभे राह्यलो. मंग लिवलं."