बाराला न दचकणारी

आमच्या खालच्या मजल्यावरचे अण्णा माणसांशी अखंड बोलायचे. "स्वल्प थांबा, हिचं ऐका तरी!" म्हणत लिफ्ट अडवून आपल्या पांढऱ्या शिकारी कुत्रीचं कौतुक सांगायचे. तिच्याशी मात्र चकार शब्द नाही. हात उचलला, की ती बसायची.

तिची जातिवंत पिल्लं विकायची, तर आधी ती शिकारी कुत्र्यांच्या चाचणीत पास व्हायला हवी. पक्ष्याचा वास आला की निश्चल उभं राहायचं, तळ्यातून वस्तू आणायची, बंदुकीच्या बाराला बिचकायचं नाही. मीही गेलो होतो बघायला. बार झाला, मी दचकलो, ती ढिम्म. परीक्षकांनी वाहवा करून प्रमाणपत्र दिलं. अण्णा तेवढे गप्प होते.

काल त्यांच्याकडे गेलो, तर ते पिल्लांच्या मागे बसून टाळ्या वाजवत होते. एक पिल्लू वळलं. बाकीची खेळतच राहिली.

"अण्णा, आई बहिरी आहे, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"वाटलं, पिल्लांत उतरणार नाही."

पुन्हा टाळीसाठी त्यांनी हात उचलला. तो पाहून कोपऱ्यातली कुत्री मुकाट्याने खाली बसली.