मोठ्यानं बोलणारं गिऱ्हाईक

सोलापुरात माझं आयुर्वेदिक औषधांचं दुकान आहे. पुरुषांची ताकद वाढवणाऱ्या गोळ्या हव्या असलेलं गिऱ्हाईक दुकान रिकामं व्हायची वाट बघतं. मैंदर्गीकडचा एक पन्नाशीचा माणूसही तसाच तीनदा येऊन डबी घेऊन गेला होता. चौथ्यांदा मात्र तो बायकोला घेऊन भर गर्दीत आला. टोपी काढून त्यानं काउंटरवर ठेवली.

"मालक, ह्या गोळ्यांनी काय बी फरक न्हाय. ह्याचा डॉक्टर कुटं बसतो?"

"जरा हळू बोला की," मी म्हणालो.

"हळू बोलण्यातच दोन वर्सं गेली. हिला वाटलं, माझं मनच उडालं हिच्यावरनं. आता लाजायचं न्हाय."

बायको त्याच्याशेजारी ताठ उभी होती. मी डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

महिन्यानं तो मुद्दाम सांगायला आला. रक्तात साखर लई निघाली होती, त्रास त्यामुळंच होता; उपचार सुरू झाले होते.

"दुसऱ्या कुणाला गोळ्या देताना आदी साखरेचं इचारत जावा," तो म्हणाला.

तीन डब्या विकताना मी एकदाही विचारलं नव्हतं. आता विचारल्याशिवाय डबी देत नाही.