एका रीलचे किती?

रिसोडच्या एका खासगी शाळेत मी संगणक शिकवत होते. मुलगी झाली, पाठोपाठ सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले, आणि दिवसभर घराबाहेर राहणं जमेनासं झालं म्हणून नोकरी सोडली. रिकामं बसवेना. नणंदेच्या लोणच्या-पापडांचे चार-दोन व्हिडिओ मोबाइलवर करून टाकले. ते बघून बाजारातल्या एका साडीच्या दुकानदारांनी नवऱ्याकडे निरोप दिला की मॅडमनी आमच्या दुकानाचंही असं काही करून द्यावं.

मी गेले. त्यांनी चहा मागवला, दुकान दाखवलं, कोणत्या साड्या चालतात, कोणत्या पडून आहेत ते सांगितलं. पैशाचा विषय निघाला नाही. मीही काढला नाही. आमच्याकडे ओळखीच्या माणसाशी आधी पैशाचं बोलणं वाईट दिसतं, आणि नंतर बोलायला तोंड राहत नाही. महिना संपला की ते गल्ल्यातून काढून एक पाकीट द्यायचे आणि ‘ठेवा’ म्हणायचे. पाकिटात कधी जास्त असायचं, कधी कमी. कशावरून ते ठरायचं, मला कळलं नाही.

काम मात्र वाढत गेलं. सुरुवातीला आठवड्याला एक व्हिडिओ होता. मग रोजची पोस्ट आली. मग सणाच्या शुभेच्छा, मग ‘ही केवढ्याला’, ‘ह्यात हिरवा रंग आहे का’ असं विचारणाऱ्या बायकांना उत्तरं देणंही माझ्याकडेच आलं. पोळ्या लाटताना फोन ओट्यावर, मुलीला अभ्यासाला बसवलं की फोन मांडीवर. कोणी विचारलं, सून काय करते, तर सासूबाई सांगायच्या, काही नाही, घरीच असते.

पुण्यातल्या एका मैत्रिणीला विचारलं की तिकडे कसं घेतात. तिने पोस्टचं वेगळं, रीलचं वेगळं, महिन्याचं एकत्र असं सगळं समजावलं. तिचा आकडा मी आधी निम्मा केला, मग रिसोड आहे म्हणून पुन्हा निम्मा केला. तरी तोंडातून निघेना. माझं माहेर मंगरूळपीर. तिथल्या एका शिकवणीवाल्या सरांचा त्यांच्या क्लासच्या व्हिडिओंसाठी फोन आला तेव्हा धीर करून तो आकडा सांगितला. सर शांतपणे म्हणाले, “मॅडम, एवढ्यात चौकात फ्लेक्स लागते, अन् थो रातंदिवस दिसते.” त्या दिवशी मी पुढे काही केलंच नाही, नुसती पडून राहिले.

त्या साडीच्या दुकानात एक बाई कामाला होती. चाळिशीची असेल. रिठदहून रोज बसने यायची. घरचं थोडं शेत होतं, ते नवरा बघायचा आणि शेतातलं काम सरलं की कुठेतरी बाहेर कामाला जायचा. ही गेली काही वर्षं काउंटरवर साड्या दाखवत होती. पहिले काही महिने मी नुसत्या साड्यांचेच व्हिडिओ केले होते, गाणं लावून. ते कोणी बघत नव्हतं. एकदा साडी उलगडताना तिचा हात आणि आवाज चुकून व्हिडिओत आला. ती कुणा गिऱ्हाइकाला सांगत होती की ही साडी धुतली की मऊ पडते, पण पहिल्या धुण्याला वेगळी टाका, नाहीतर नवऱ्याचा सदरा लाल होईल. तो व्हिडिओ खूप बायकांनी बघितला.

मग मी तिलाच समोर उभं केलं. ती दिसायला चारचौघींसारखी होती, पण एका झटक्यात साडी अशी सोडायची की पदर बरोबर वर यायचा. आणि खोटं बोलायची नाही. हिच्यात उकडते, लग्नात नेसा पण मांडवात बसायचं असेल तर नको, असं सरळ सांगायची. बायका तिला शोधत यायला लागल्या. शिरपूर जैनला मंदिरात आलेल्या परगावच्या दोघी-तिघी खास वाट वाकडी करून रिसोडला आल्या आणि मालकांना म्हणाल्या, त्या व्हिडिओतल्या ताईंना बोलवा. मालक खूश होते.

तिच्या गावात मात्र सगळं गोड नव्हतं. बसमध्ये पोरं तिच्याच आवाजात साड्यांचं सांगायची. दिराने घरी विषय काढला होता की मोबाइलवर चेहरा दाखवणं बरं नव्हे. हे तिने मला साड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं, तक्रार म्हणून नाही. मी ऐकून घेतलं आणि कॅमेऱ्याचा उजेड तपासत राहिले. त्या दिवसांत मला माझंच पुरे झालं होतं. उजव्या हाताचा अंगठा दुखायला लागला होता. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि मोबाइल कमी वापरा म्हणाले.

त्या अंगठ्यानेच शेवटी मला बोलतं केलं. एका दुपारी दुकानात गर्दी नव्हती तेव्हा मी मालकांना सांगितलं की या महिन्यापासून माझा भाव ठरलेला राहील. एका रीलचे इतके, पोस्टचे इतके, आणि गिऱ्हाइकांना उत्तरं देण्याचे वेगळे. बोलताना माझा आवाज बारीक झाला होता.

मालक वाईट माणूस नव्हेत. त्यांनी आधी चहा सांगितला. मग म्हणाले की तुम्ही घरच्यासारख्या, तुम्हाला मी कधी कमी दिलं का. मी म्हटलं, कमी-जास्तीचा प्रश्न नाही, ठरलेलं हवं. मी कामाचं सांगत गेले, किती वेळ लागतो, काय काय करावं लागतं. ते ऐकत होते आणि मान हलवत होते. शेवटी ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, साडी माही, दुकान माहं, बाई माही. मोबाइल तेवढा तुमचा.”

ती बाई तिथेच काउंटरमागे होती. तिने हातातली साडी घडी करून फळीवर ठेवली आणि पुढची घेतली.

दोन दिवसांनी, भाव न ठरताच, मी नेहमीसारखी व्हिडिओ करायला गेले. नव्या पैठण्या आल्या होत्या. ती समोर आली, पण साडी उघडलीच नाही. मालकांकडे वळून म्हणाली, “भाऊ, साड्या दाखवाचा पगार मी घेतो. मोबाइलात दिसाचा नाई घेत. एका व्हिडिओमागं निंदनाची एका दिवसाची मजुरी द्या, मी उभी राह्यतो.”

दुकानात आणखी दोघी कामाला होत्या. त्या थबकल्या. मालकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले की हे तुम्ही शिकवलेलं दिसते. मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही. तेव्हा तीच बोलली. “मॅडमले सोताचा भाव सांगाले दोन वर्सं लागले. थ्या मले काय शिकवतीन?”

मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर बरं वाटलं. इतक्या दिवसांत कोणीतरी माझं काम बघून, मोजून बोललं होतं. तिने मागितलेला आकडाही मला कधी सुचला नसता. मी पुण्याचा आकडा निम्मा-निम्मा करत बसले होते. तिने गावातली शेतात तण काढायची मजुरी सरळ उचलून काउंटरवर ठेवली होती.

मालक म्हणाले, बघू. त्यानंतर काही आठवडे मला निरोप आला नाही. दुकानाचे व्हिडिओ येत राहिले. मालकांनी दुसऱ्या एका मुलीला उभं केलं होतं आणि स्वतःच मोबाइल धरला होता. काही चांगले होते, उगाच खोटं कशाला सांगू. पण खाली बायका विचारत होत्या की त्या ताई कुठे गेल्या, आजारी आहेत का. ती दुकानातच होती, रोज बसने येत होती, साड्या दाखवत होती. घरी मी अंगठ्याला पट्टा बांधून बसले. आराम मिळाला तरी थकवा गेला नाही. कोणी नाही म्हटलेलं नाही आणि हो पण म्हटलेलं नाही, अशा दिवसांत माणूस कामापेक्षा जास्त दमतो.

लग्नसराई जवळ आली तेव्हा मालकांचा फोन आला. तुमच्या भावात थोडं खाली या, म्हणाले, मग ठरवून टाकू. मी तिचं विचारलं. ते म्हणाले की तिले दिले तर उद्या दुकानातला प्रत्येक जण मागेल, ते जमणार नाही. मी फोन धरून उभी होते. गॅसवर डाळ उकळत होती. मी म्हटलं, मी माझ्या भावात खाली येत नाही, आणि तिची मजुरी त्याच भावात धरा. तुम्ही तिला देऊ नका, मी देईन. तुम्हाला फक्त रीलचा भाव द्यायचा आहे. ते म्हणाले, ठीक आहे, पण माझ्या दुकानात हे बोलू नका. मी कबूल केलं.

हिशेबाने पाहिलं तर तिचं देऊन माझ्या हाती पाकिटापेक्षा फार काही जास्त उरत नव्हतं. पण ते ठरलेलं होतं.

पहिल्यांदा पैसे दिले तेव्हा तिने हात मागे घेतला. “तुमच्या पदरचे कायले देता?” मी म्हटलं, पदरचे नाहीत, रीलचे आहेत. तिने थोडा विचार केला आणि मग ते कमरेच्या पिशवीत ठेवले. दिराचं तोंड बंद झालं की नाही ते तिने सांगितलं नाही, पण नंतर एकदा म्हणाली की घरी आता ‘कामाले जाते’ म्हणतात, ‘मोबाइलवर दिसते’ म्हणत नाहीत.

ती लग्नसराई आम्ही तशी काढली. पुढच्या वर्षी तिने दुकान सोडलं. आता ती नवरीला साडी नेसवून द्यायची कामं घेते, आसपासच्या गावांतून बोलावणं येतं. दुकानात तिच्या जागी दुसरी आहे. मालकांशी माझं अजून चालू आहे. तेवढ्याच भावात, दरवर्षी थोडी ओढाताण करून.

मध्ये ती माझ्याकडे आली, स्वतःच्या कामाचा व्हिडिओ करून घ्यायला. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “आधी भाव बोला.” मी पूर्ण सांगितला. ती जास्त आहे म्हणाली. आम्ही दोघींनी चांगली घासाघीस केली, कोणी रुसलं नाही. मी थोडी खाली आले, ती थोडी वर आली. व्हिडिओ करताना माझ्या पुतणीला नवरीसारखं उभं केलं. तिने पोरीच्या निऱ्या घातल्या, पिन तोंडात धरूनच मला सांगितलं की उजेड डावीकडून घ्या, पदराचे काठ दिसत नाहीत.

काल एका दातांच्या दवाखान्यातून फोन आला होता. त्यांना महिन्याचं काम हवं आहे. त्यांनी विचारलं, एका रीलचे किती. मी आकडा सांगितला आणि पुढे एक शब्द बोलले नाही. पलीकडचे गृहस्थ म्हणाले, कळवतो. अजून कळवलेलं नाही. सासूबाईंना गुडघ्याची गोळी दिली, मुलीची वेणी घातली, आणि साडीच्या दुकानाच्या उद्या टाकायच्या पोस्टचं अक्षर जरा मोठं केलं.